शाळा घरी आली, पण कोणाच्या घरी?

खास प्रतिनिधी, टिटवाळा

पावसाळ्यात काळू नदी फुगली की रुंदे येथील पूल पाण्याखाली जातो आणि टिटवाळ्याचा पलीकडील गावांशी असलेला संपर्क तुटतो. ही बातमी दर वर्षी येते आणि दर वर्षी तशीच छापली जाते. अशा वेळी किंवा हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला की जिल्हा प्रशासन शाळांना सुट्टी जाहीर करते. पूर्वी सुट्टी म्हणजे सर्वांनाच सुट्टी असे. अलीकडे मात्र त्यात एक फरक पडला आहे. काही खासगी शाळा त्या दिवशीचे तास मोबाइलवर घेतात. पुलापलीकडच्या किंवा चाळीतल्या मुलाला 'उद्या शाळा बंद' एवढाच निरोप मिळतो. एका दिवसाने कोणाचे फारसे बिघडत नाही हे खरे. परंतु हाच प्रकार २०२० आणि २०२१ मध्ये एक दिवस नव्हे, तर सुमारे साडेवीस महिने चालला होता. त्याचा हिशेब अद्याप पुरता झालेला नाही.

करोनाच्या साथीमुळे राज्यातील शहरी भागातील शाळा मार्च २०२० च्या मध्यावर बंद झाल्या. ग्रामीण भागातील शाळाही पाठोपाठ बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबणीवर पडला आणि नंतर रद्दच झाला. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू करताना 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे राज्याचे धोरण ठरले. याच नावाची अभ्यासमाला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिलपासूनच व्हॉट्सअॅपवर सुरू केली होती. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका आली. 'दीक्षा' अॅप होते, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड होते, नोव्हेंबरपासून व्हॉट्सअॅपवरील 'स्वाध्याय' चाचणीही आली. थोडक्यात, सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. प्रश्न वेगळाच होता. शाळेने पाठवलेले शिक्षण घरात शिरत असताना ते घर कसे होते, हा तो प्रश्न.

शाळेची इमारत ही मुळात एक समतेची यंत्रणा आहे, हे ती बंद पडल्यावरच लक्षात आले. वर्गात बाक सारखा, फळा सारखा, शिक्षक एकच आणि मधल्या सुट्टीतली खिचडीही एकच. घरी कितीही दाटी असली तरी पाच तास मुलाला बसायला जागा मिळते, वर पंखा असतो आणि त्या वेळात त्याला कोणी पाणी भरायला पाठवत नाही. ही सारी सामग्री शाळा न बोलता पुरवत असते. शाळा बंद झाली तेव्हा ती पुरवण्याची जबाबदारी एका रात्रीत पालकांवर आली आणि पालक काही एकसारखे नसतात. सर्वांना एकच लिंक पाठवणे ही समानता झाली. ती लिंक ज्याला उघडता येत नाही त्याच्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोहोचणे म्हणजे समन्याय. त्या काळात पहिली गोष्ट पुष्कळ झाली. दुसरी जिथे झाली तिथे बहुधा एखाद्या शिक्षकाच्या किंवा संस्थेच्या वैयक्तिक चिकाटीने झाली.

एका फोनचा हिशेब

मांडा-टिटवाळ्यातील मोठा वर्ग हा लोकलवर जगणारा आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून ६४ किलोमीटरवर. पहाटेची गाडी पकडून जायचे आणि रात्री उशिरा परतायचे, हा येथील अनेक घरांचा परिपाठ. अशा घरात साधारणपणे एकच स्मार्टफोन असतो आणि तो कमावत्या माणसाच्या खिशात असतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, तेव्हा निदान फोन घरी राहिला. मात्र कमाई थांबली आणि रिचार्जचा प्रश्न उभा राहिला. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाली, इतर लोकही हळूहळू एसटीने किंवा मिळेल त्या वाहनाने कामावर जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर फोनही घराबाहेर पडला. नेमके त्याच महिन्यात ऑनलाइन वर्ग सुरू झाले होते. घरात कमाई असेल तर फोन नाही आणि फोन असेल तर कमाई नाही, असा हा विचित्र पेच होता.

आता आकडेमोड पाहू. जुलै २०२० मध्ये राज्याने ऑनलाइन तासांची मर्यादा ठरवून दिली, त्यानुसार तिसरी ते आठवीसाठी रोज ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी तेवढ्याच वेळाची चार सत्रे होती. घरात एक मूल पाचवीत आणि दुसरे नववीत असेल, तर दोघांची मिळून साडेचार तास होतात. चित्रासह चालणारा वर्ग तासाला साधारण अर्धा जीबी डेटा खातो असे धरले, तर रोज सव्वादोन जीबी लागतात. त्या काळातील बऱ्याच प्रीपेड योजना रोज दीड जीबी देणाऱ्या होत्या. म्हणजे फोन घरी असला, रिचार्ज भरलेला असला, रेंज नीट मिळाली आणि दोन्ही मुलांचे वर्ग एकाच वेळी आले नाहीत, तरीही दुपारनंतर एकाचा वर्ग बंद पडणारच. तो कोणाचा पडायचा, हा निर्णय घरातच होत असे. मुलगा आणि मुलगी असतील तर तो कसा होत असे, हे वाचकांना सांगायला नको.

स्मार्टफोन 'आहे' किंवा 'नाही' अशी नोंद करणाऱ्या पाहण्यांतून हे चित्र दिसत नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' पाहणीत सप्टेंबर २०२० मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. दोन वर्षांतील ही वाढ मोठी आहे आणि त्यातली किती कर्ज काढून झाली असेल याचा अंदाज कोणीही करावा. परंतु त्याच पाहणीत, आदल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळाले का, या प्रश्नाला होकार मिळाला तो जेमतेम एक तृतीयांश मुलांकडून. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधील सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. तिच्यात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शहरी भागात २४ टक्के आणि ग्रामीण भागात केवळ ८ टक्के निघाली. ग्रामीण मुलांपैकी ३७ टक्के मुले त्या वेळी काहीच शिकत नव्हती.

शाळेचे पाठ्यपुस्तक मात्र बहुतेकांच्या घरी होते. 'असर'च्या २०२० च्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक मुलांकडे चालू इयत्तेची पुस्तके असल्याचे दिसले. साऱ्या गदारोळात सर्वांत समन्यायी ठरलेले साधन हे कागदाचे होते. त्याला चार्जिंग लागत नाही आणि रेंजही लागत नाही. पण पुस्तक समजावून सांगणारे कोणी नसेल, तर पहिली-दुसरीच्या मुलासाठी त्याचा उपयोग चित्रे पाहण्यापुरताच.

देवळाच्या वाटेवरची घरे

टिटवाळ्याची ओळख महागणपतीची. मंगळवारी आणि अंगारकीला येणाऱ्या भाविकांवर फुले, दुर्वा, नारळ, पेढे विकणारे, रिक्षावाले, खाणावळी आणि खेळणीवाले अशी कितीतरी कुटुंबे चालतात. राज्यातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. या कुटुंबांना पगार नव्हता, त्यामुळे पगारकपातही नव्हती. जे होते ते रोजचे आणि तेच थांबले. अशा घरातील मुलाचे शिक्षण कोठे अडले, हे शोधण्यासाठी तंत्रज्ञानापर्यंत जावे लागत नाही.

यातील अनेकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते. फी थकल्यामुळे मुलाला ऑनलाइन वर्गाच्या ग्रुपमधून काढल्याच्या तक्रारी त्या काळात राज्यभर झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने खासगी शाळांच्या शुल्कात १५ टक्के कपात करण्याचा आदेश काढला, पण तोवर शाळा बंद होऊन सतरा महिने होत आले होते. देशभरात याचा परिणाम आकड्यांत उतरला आहे. ग्रामीण भागातील सहा ते चौदा वयोगटातील मुलांचे सरकारी शाळांतील प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. म्हणजे हे पालक सरकारी शाळेवर विश्वास बसला म्हणून आले नव्हते; पैसे संपले म्हणून आले होते आणि पैसे येताच परत गेले. या ये-जा करण्यात मुलाचे माध्यम दोनदा बदलले असेल, तर त्याची कोणती भाषा पक्की झाली असेल?

माध्यमाचा मुद्दा आणखी एका अर्थाने महत्त्वाचा. 'टिलीमिली' ही चांगली मालिका होती; तिला फोन लागत नव्हता, दूरचित्रवाणी संच पुरत होता. परंतु ती मराठीत होती. या पट्ट्यात उत्तर भारतातून आलेली कुटुंबे आहेत, उर्दू माध्यमात शिकणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवरचा तो तास आपला नव्हता. आणि पोषण आहार? शाळा बंद असताना तांदूळ, कडधान्य असा कोरडा शिधा पालकांना देण्यात आला. पहिली ते पाचवीच्या मुलाचा वाटा दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाचा १५० ग्रॅम. शाळेत शिजलेली खिचडी त्या मुलाच्याच पोटात जाते. घरी आलेला तांदूळ साऱ्या घराचा होतो, आणि तसा तो झाला तर त्यात कोणाला दोष देणार?

नदीच्या अलीकडे आणि पलीकडे

टिटवाळ्याच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. मांडा-टिटवाळा हा कल्याण-डोंबिवली महापालिकेचा भाग आहे, तर त्याला लागून असलेली कल्याण तालुक्यातील गावे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. एरवी ही सीमा सामान्य माणसाला जाणवत नाही. बाजार एक, स्टेशन एक, लग्नसंबंधही आपापसात. मात्र शाळा उघडण्याचे नियम शहरासाठी एक आणि गावासाठी दुसरे होते.

१५ जुलै २०२१ पासून करोनामुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली. शहरात ती नव्हती. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावी असे वर्ग उघडले. उरलेल्या वर्गांना, म्हणजे गावात पहिली ते चौथी आणि शहरात पहिली ते सातवी, राज्याने १ डिसेंबरपासून परवानगी दिली, तीही प्रत्यक्ष तारीख स्थानिक प्रशासनावर सोपवून. आता एकाच गावातील सहावीतील दोन मुले डोळ्यांसमोर आणा. एक गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, तर दुसरा टिटवाळ्यातील शाळेत जाणारा. नियम मुलाच्या घराला नव्हे, शाळेच्या पत्त्याला लागू होता. त्यामुळे पहिला ४ ऑक्टोबरला दप्तर घेऊन बाहेर पडू शकत होता आणि शेजारचा दुसरा आणखी किमान आठ आठवडे दारात बसून त्याला जाताना पाहणार होता. रोगाचा प्रसार शहरात अधिक होता, हे या नियमामागील कारण. कल्याण-डोंबिवली त्या वेळी मुंबई महानगर प्रदेशातील सर्वाधिक बाधित शहरांपैकी एक होते. जुलै २०२० मध्ये २ ते १९ तारखेपर्यंत येथे स्वतंत्र टाळेबंदीही झाली. कारण चुकीचे नव्हते. परंतु नियम करताना महापालिकेची हद्द ही रेषा सोपी पडते म्हणून ती वापरली गेली आणि मुले कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला ये-जा करतात, हे तीत बसले नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीनंतर टप्प्याटप्प्याने उघडल्या. पहिलीत नाव घातलेल्या शहरी मुलाने तोवर शाळेचा वर्ग जेमतेम काही आठवडे पाहिला होता आणि तो दुसरीत गेलेला होता.

जुना धडा याच जिल्ह्याचा

शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाकडे शाळेने जावे, ही कल्पना २०२० मध्ये कोणा सल्लागाराला सुचलेली नाही. ती ठाणे जिल्ह्यातच वाढलेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली गेली, त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षक कुरणात गेले, ती 'कुरणशाळा'. पुढे १९९० च्या दशकात वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने मजुरांच्या मुलांसाठी 'भोंगाशाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजुरांनी उभारलेले तात्पुरते खोपटे.

या तिन्ही प्रयोगांत एक समान सूत्र आहे. त्यांत शिक्षणाचे साहित्य नव्हे, शिक्षक मुलाकडे गेला. २०२० मध्ये नेमके उलटे झाले. साहित्य गेले आणि शिक्षक घरी राहिला, किंवा अधिक खरे सांगायचे तर सर्वेक्षणाला गेला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आणि करोनाच्या इतर कामांत शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर जुंपण्यात आले होते. जो शिक्षक घरोघरी ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत फिरत होता, त्याला त्याच घरातल्या मुलाचे वाचन मात्र घ्यायचे नव्हते.

अपवाद होतेच. पालघरच्या आदिवासी भागात दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवणारी 'बोलकी शाळा' चालवली. सोलापुरात नीलमनगर या कामगारवस्तीत एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. येता-जाता मुलाने भिंत वाचायची. या दोन्ही प्रयोगांचा खर्च एका टॅबलेटच्या योजनेपुढे किरकोळ आहे. टिटवाळा, खडवली, गोवेली परिसरातील कातकरी पाड्यांवर आणि चाळींच्या गल्ल्यांत असे काही मोठ्या प्रमाणावर होणे अशक्य नव्हते. भिंती येथेही आहेत.

पुढील बंदीपूर्वी

१ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवण्यात आला. मागील इयत्तेतील राहिलेल्या गोष्टी भरून काढणे हा त्याचा उद्देश. परंतु शहरी भागातील शाळा तेव्हाही बंदच असल्याने तो सेतूही येथे फोनवरूनच ओलांडायचा होता. ज्याच्यापर्यंत फोन पोहोचला नाही म्हणून सेतू लागला, त्याला सेतू फोनवरून! त्या वर्षी परीक्षा न होता लागलेला दहावीचा निकाल ९९.९५ टक्के होता. २०२३ मध्ये तो ९३.८३ टक्क्यांवर आला. पण बंदीची खरी झळ दहावीला नव्हे, खालच्या वर्गांना बसली. देशातील ग्रामीण भागात दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्के झाली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के, म्हणजे जवळजवळ पूर्वपदावर. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ आणि पुन्हा ४८.८ असे गेले. भरपाई झाली, असे यावरून म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले बंदीच्या वेळी शाळेत नव्हतीच. ती नवी मुले आहेत. ज्यांचे नुकसान झाले ती पुढे सरकली आहेत. जून २०२० मध्ये पहिलीत नाव नोंदवलेली मुले २०२५-२६ मध्ये सहावीत होती आणि ती दहावीच्या परीक्षेला २०३० मध्ये बसतील. त्यांची सरासरी आता तिसरीच्या तक्त्यात दिसणार नाही.

म्हणूनच या मुलांसाठी इयत्तेप्रमाणे नव्हे, तर प्रत्यक्ष वाचता-मोजता येण्याच्या पातळीप्रमाणे गट करून रोज तासभर शिकवणे आवश्यक आहे. हे नवीन नाही, 'प्रथम'ने हा मार्ग वर्षानुवर्षे वापरून दाखवला आहे. दुसरीकडे, बंदीसाठीची तयारी बंदी नसताना व्हायला हवी. प्रत्येक शाळेकडे तीन साध्या गोष्टी लेखी असाव्यात: कोणत्या मुलाच्या घरी दिवसा फोन असतो (नुसता 'आहे' असा नव्हे), कोणाच्या घरी वाचून दाखवू शकेल असे मोठे माणूस आहे आणि फोन नसलेल्या मुलांच्या वस्तीत कोणता शिक्षक कोणत्या वारी जाईल. छापील स्वाध्याय पुस्तिका जूनमध्येच पाठ्यपुस्तकांबरोबर दिली, तर पावसाच्या सुट्टीत तिची पाने उपयोगी पडतील. पटावरील प्रत्येक मुलाची अशी माहिती मिळवायला वर्गशिक्षकाला एका पालकसभेइतका वेळ पुरतो. मात्र ही सभा संध्याकाळच्या लोकल आल्यानंतर घ्यावी लागेल. सकाळी अकराला बोलावले, तर फोन असलेला पालक त्या वेळी दादर ओलांडून गेलेला असतो.